तिथीची पाऊणपट आणि होळीला गेलेली दोरी

मी लिफ्टचा मेकॅनिक आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या तीन इमारती माझ्याकडे असतात. तिन्हींच्या मशीन रूम गच्चीवर आहेत, त्यामुळे माझा अर्धा दिवस अशा उंचीवर जातो जिथून मिठी नदी सरळ पायाखाली दिसते. ऑफिसातली माणसं सिगरेट प्यायला वर येतात, नाक मुरडतात आणि तिला नाला म्हणतात. विहार आणि पवई तलावांचं सांडव्यावरून येणारं पाणी घेऊन ती जवळजवळ १८ किलोमीटर येते, वाटेत शहराने जे टाकलं ते सगळं उचलते, तेव्हा नाक मुरडणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण मला तिच्यात घड्याळ दिसतं. तिवरांची टोकदार मुळं उघडी पडायला लागली की पाणी निम्म्यावर आलं. काठचा काळा चिखल उन्हात तेलासारखा चमकायला लागला की तिकडे माहीमला, नदीच्या मुखावर, आमच्या होड्या एका अंगावर कलंडल्या असणार. पाणी काही वेळ नुसतंच थांबल्यासारखं दिसतं आणि मग एखादी थर्माकोलची पेटी हळूच उलट दिशेने, पवईकडे, निघते. तेव्हा मी काकाला फोन करतो, "पाणी फिरलं." काका म्हणतो, "म्हाईत हाय."

काकाला माहीत असतंच. तो ७१ वर्षांचा आहे, गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून होडीवर चढत नाही. दिवसभर होडीच्या सावलीत जाळी विणत बसतो. मनगटावर घड्याळ आहे, माझ्या बहिणीने दिलेलं, पण ते बंद पडून चार वर्षं झाली. त्याला लागत नाही. त्याचं घड्याळ कालनिर्णयच्या पानावर असतं. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता. अष्टमीला सहाला. एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून तीच वेळ दुपारची आणि तीच रात्रीची. रोज पाऊण तासाने पुढे सरकते, तिथीही रोज एकाने पुढे जाते, म्हणून हिशोब जुळतो. पाच-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण मुंबईच्या किनाऱ्यावर एवढं पुरतं. कोकणात हे सगळ्यांना ठाऊक आहे, मी काही नवं सांगत नाही. फक्त आमच्या भाच्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या मोबाईलमध्ये भरती-ओहोटीचं अ‍ॅप आहे, त्यात रंगीत लाट काढलेली असते आणि तेवढ्यावर त्याचं समाधान होतं.

भाचा १९ वर्षांचा. बहिणीचा मुलगा. बारावीनंतर वर्षभर कुरिअरचं काम केलं, कंटाळला आणि म्हणाला, "मामा, मी होडी चालवतो." आमची होडी फायबरची, जेमतेम सात मीटर, मागे आउटबोर्ड मशीन. ती तशीही उभीच होती. बहिणीने नको म्हटलं, काका हो म्हणाला, आणि आमच्या घरात काकाचं शेवटचं असतं. मग त्याची कागदपत्रं सुरू झाली. २६/११ चे अतिरेकी एका मच्छीमार ट्रॉलरवरून आले होते, तेव्हापासून खलाशाला बायोमेट्रिक ओळखपत्र लागतं, होडीचा नंबर लागतो, परवाना लागतो. फॉर्म भरताना त्याने विचारलं, "मामा, आपली हद्द कुठवर?"

साधा प्रश्न. उत्तर द्यायला दोन महिने लागले, आणि अर्धं उत्तर त्याला मुखावरच मिळालं.

कागदावरची हद्द मी त्याला तिथल्या तिथे सांगितली. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, राज्याचं पाणी. त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचं. राज्याच्या पाण्यात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा चालतो, २०२१ मध्ये त्यात बदल करून दंड वाढवले. १ जून ते ३१ जुलै बंदी. एलईडी दिव्यांची मासेमारी बंद. बॉम्बे हायच्या तेलविहिरींपासून ५०० मीटरच्या आत जायचं नाही. हे ऐकून भाचा खूश झाला, कारण आमची सात मीटरची होडी बॉम्बे हायला जाणार म्हणजे लिफ्टने चंद्रावर जाण्यासारखं आहे.

पण त्या कायद्यात मला आणि काकाला आवडणारी एक गोष्ट आहे. यांत्रिक ट्रॉलरनी किनाऱ्याजवळ ओढ जाळं ओढू नये म्हणून जी रेष आखली, ती किलोमीटरमध्ये नाही, वावांत आहे. कुठे पाच वाव, कुठे दहा वाव पाण्याच्या आत यायचं नाही. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर, सहा फूट. काकाच्या मते हा नियम लिहिणाऱ्याच्या घरात कुणीतरी कोळी असणार. समुद्रात किलोमीटर कुणाला दिसतो? खोली मात्र दोरी सोडली की हाताला कळते.

अडचण एवढीच की खोलीही एका जागी राहत नाही. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं आणि तेवढंच उतरतं. अडीच वाव. म्हणजे सकाळी जिथे चार वाव होतं तिथे दुपारी साडेसहा. सागरी नकाशावर छापलेली खोली अगदी खालच्या ओहोटीची धरतात, म्हणून नकाशावरची पाच वावांची रेघ हलत नाही. पण पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला नकाशा कोण दाखवतो! ट्रॉलरवाला भरतीला आत येतो आणि म्हणतो, बघ, किती पाणी आहे खाली. खोटं बोलत नसतो तो. तरी आमची जाळी फाटलेली असतात. एकदा काकाने असं फाटलेलं जाळं आणि त्यात अडकलेली लोखंडी साखळी घेऊन तक्रार केली होती. साहेबांनी विचारलं, नेमकं कुठे घडलं? काकाने सांगितलं, माऊंट मेरी चर्चचा कळस किल्ल्याच्या बुरुजावर यायच्या जरा आधी. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

काकाची हद्द अशीच आहे. दोन निशाण्या एका रेषेत आल्या की एक रेघ, दुसऱ्या दोन आल्या की दुसरी रेघ, आणि दोन्ही जिथे कापतात ती जागा. माऊंट मेरी, माहीमचा किल्ला, वांद्र्याचा किल्ला, वरळीचा किल्ला, आणि पूर्वी गिरण्यांच्या चिमण्या. चिमण्या गेल्या, त्यांच्या जागी टॉवर आले, ते सगळे एकसारखे दिसतात म्हणून काका त्यांच्यावर नाराज आहे. २००९ मध्ये सागरी सेतू सुरू झाला तेव्हा मात्र त्याला दोन उत्तम निशाण्या मिळाल्या, ते तारा ओढलेले उंच मनोरे. "सरकारनी आपल्यासाठी कवा काय केला तं ह्यो," असं तो म्हणतो. त्या पुलाच्या खांबांमुळे आमच्या खाडीत गाळ वाढला असंही तोच म्हणतो. दोन्ही एकाच दमात.

आतलं पाणी म्हातारे, बायका आणि लहान जाळ्यांचं. तिथे भोकशी, म्हणजे पिशवीसारखी लहान जाळी, लागतात, ओहोटीला बायका खडपावर कालवं काढतात, चिखलात चिंबोऱ्या आणि निवट्या धरतात. आता निवट्या खायची हिंमत होत नाही, तो भाग वेगळा. बाहेरच्या पाण्यात बोयट माशांची जाळी. त्याच्या पलीकडे खुंटांना डोलजाळं बांधणारे डोलीवाले, त्यांची खुंटांची जागा ठरलेली, एकाच्या जागी दुसऱ्याने खुंट मारला की भांडण. वसई-उत्तनकडचे आणि पालघर-डहाणूकडचे कवीवरून किती वर्षं भांडताहेत ते पेपरात येतंच. कव म्हणजे तोच समुद्रात मारलेला खुंट आणि त्याभोवतीचा हक्क. आमच्याकडे तेवढं मोठं पाणीच उरलेलं नाही. भांडायला तरी पाणी पाहिजे.

हद्दीचा प्रश्न वरळीच्या लोकांनी जसा विचारला तसा मी कुणी विचारलेला पाहिला नाही. कोस्टल रोडचा पूल सागरी सेतूला जोडताना क्लीव्हलँड बंदराच्या तोंडावर खांब येणार होते, दोन खांबांत ६० मीटर. सहा-सात मीटरच्या होडीला ६० मीटर म्हणजे हवेशीर झालं, असं ऐकणाऱ्याला वाटतं. मलाही वाटलं होतं. कोळ्यांचं म्हणणं निराळं होतं, की होडी सरळ रेषेत जातच नाही. लाट बाजूने येते, वारा दुसरीकडून, पाण्याची ओढ तिसरीकडे, आणि मशीन बंद पडली तर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, कुठे आणि पाठ कुठे याचा भरवसा नाही. समोरून दुसरी होडी आली तर दोघींनी डोलायला जागा पाहिजे. म्हणून त्यांनी १६० मीटर मागितले, पुढे आणखी. काम अडवलं, बैठका झाल्या, आणि २०२२ च्या डिसेंबरात १२० मीटरवर तोडगा निघाला. सात आणि नऊ नंबरच्या खांबांमधला आठ नंबर काढला. ती बातमी वाचताना मला ६० आणि १२० मधला फरक डोक्याने कळला होता. अंगाने कळला तो यंदा, होळीनंतर.

आमच्याकडे होळी उभी करतात. सुपारीचं उंच झाड आणतात, सजवतात आणि दोऱ्यांनी ओढून सरळ उभं करतात. कोळीवाड्यातली पोरं वर्षभर एवढ्या एकाच कामात एकत्र असतात. यंदा दोरी कमी पडली. भाचा गेला आणि होडीच्या नांगराची दोरी मधोमध कापून घेऊन आला. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. काकालाही नव्हतं.

धुळवड झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजेवर होतो. द्वितीया. पाऊणपट केली तर दीड वाजता भरती. भाचा आणि त्याचा एक मित्र, कल्याणचा, होळीसाठी आलेला, असे तिघे एक वाजता निघालो. पाणी तुडुंब, सपाट, मुखावर एक सुरकुती नाही. आत जाळी लावली. थोडी बोयटं, दोन शिंगाळे, बाकी प्लॅस्टिक. मित्राला सागरी सेतू खालून बघायचा होता. कुणाला नसतो? गेलो. त्याने व्हिडिओ काढले. भाच्याने उभं राहून सुकाणू धरल्याचा व्हिडिओ काढून घेतला. सव्वाचारला परत फिरलो.

इथे जरा थांबतो, कारण मला अजूनही राग येतो, आणि तो माझ्यावरच. पौर्णिमेनंतरचे दोन दिवस म्हणजे उधाणाचं पाणी. दीडला भरती, म्हणजे साडेसातच्या पुढे ओहोटी पूर्ण होणार, आणि मधल्या वेळेत, साडेचारच्या सुमाराला, ओढ सगळ्यात जोराची. त्या वेळी सगळी माहीमची खाडी, सगळी मिठी, वांद्रे-कुर्ला संकुलापासूनचं सगळं पाणी एका अरुंद तोंडातून बाहेर पडत असतं. आणि मार्चची दुपार. मार्च ते मे मुंबईत दुपारनंतर पश्चिम-वायव्येचा खारा वारा लागतो, तो संध्याकाळपर्यंत. पाणी बाहेर जातं, वारा आत येतो. दोघे जिथे भेटतात तिथे लाट आडवी पसरत नाही, उभी राहते. छोटी, आखूड, भिंतीसारखी, आणि एकीच्या मागे दुसरी इतकी जवळ की होडी एकीवरून उतरेपर्यंत नाळ दुसरीत. त्यात मुखावर रेती-चिखलाचा दांडा, पाणी उतरत चाललेलं, म्हणजे लाट आणखी उभी.

अष्टमीला हेच मुख गाईसारखं असतं. तेव्हा दुपारी बाराला ओहोटी, त्यानंतर भरती, पाणी आणि वारा दोघेही आत, होडी आपोआप घरी येते. जागा तीच, होडी तीच. हे सगळं मला माहीत होतं. लहानपणापासून ऐकलंय. पण मी आठवड्याचे सहा दिवस लिफ्टमध्ये असतो, आणि लिफ्टला वारा लागत नाही.

मुखाच्या तोंडाशी आलो आणि मशीनचा आवाज बदलला. घरघर, मग एक झटका, मग बंद. पंख्यात काहीतरी अडकलं. भाच्याने दोरी ओढली, पुन्हा ओढली. एवढ्यात होडी आडवी झाली. मला वाटलं होतं ओढ आपल्याला बाहेर समुद्रात नेईल. तसंही झालं नाही. ओढ बाहेर ढकलत होती, वारा आत ढकलत होता, आणि आम्ही त्या उभ्या लाटांच्या रांगेतच जात्यात अडकल्यासारखे फिरत होतो. पहिली लाट काठावरून आत आली तेव्हा बोयटं परत पोहायला लागली. कल्याणचा मुलगा हसला. दुसरी आली तेव्हा हसायचा थांबला.

जॅकेट दोन होती. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटची धडक बसून माणसं गेली, त्यानंतर महिनाभर आमच्याकडे सगळ्यांनी जॅकेटं घातली होती. मग ती हळूहळू बसायची उशी झाली. आता ती जाळ्याखाली होती, एकमेकांना गाठ मारून बांधलेली, म्हणजे बसायला चांगली गादी होते. ओली गाठ सुटेना. मी दातांनी सोडवली. एक मित्राला घातलं, एक भाच्याला. तिसरं नव्हतंच. माणसं तीन आणि जॅकेटं दोन, हा हिशोब निघताना कुणीच केला नव्हता.

फोन माझा प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, लिफ्टच्या ग्रीसमुळे मला ती सवय आहे. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, दोन्ही मला पाठ आहेत, होडीत आतून रंगवलेलेही आहेत. पण खोटं कशाला सांगू, बोट गेलं ते काकाच्या नावावर. चुकलंच. आधी १५५४ लावायला हवा होता, कारण पाच मिनिटांनी फोन भिजला असता तर आम्ही कुठे आहोत हे फक्त एका गुडघा दुखणाऱ्या म्हाताऱ्याला माहीत असतं.

काकाला सांगावं लागलं नाही. तो किनाऱ्यावरून बघतच होता. एवढंच बोलला, "नांगर पुढनं सोर. मागनं नाय. आनि कुनी उभा ऱ्हाऊ नको."

भाचा नांगर घेऊन मागेच निघाला होता, कारण मागे मशीन, मशीन दुरुस्त करायची, तर तिथेच थांबूया, असा त्याचा विचार. मागून नांगर टाकला असता तर होडीची पाठ लाटेकडे झाली असती. आमच्या होडीचा मागचा काठ सगळ्यात खाली आहे, शिवाय मशीनचं वजन. दोन लाटांत भरली असती. पुढून टाकला की होडी नाळ लाटेकडे करून उभी राहते. नाळ त्यासाठीच उंच असते.

टाकला. आणि दोरी संपली. चार वाव. अर्धी दोरी सुपारीच्या झाडाला. पाणी तिथे दीड वाव असेल. काका म्हणतो पाण्याच्या पाचपट दोरी सोडायची, म्हणजे नांगरावरची ओढ आडवी पडते आणि तो चिखलात रुततो. दोरी आखूड असली की होडी प्रत्येक लाटेला नांगर वर उपटते. तसंच झालं. नांगर फरफटत येत होता, हाताला कळत होतं, दात घासल्यासारखं. मी भाच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मामा, होळीला घेतली." त्या क्षणी त्याला काही बोलायची माझी इच्छा होती, पण वेळ नव्हता. जाळ्याची वरची दोरी कापली, जोडली, आणखी पाच-सहा वाव झाली. सोडली. नांगर एकदा घसरला, दुसऱ्यांदा घसरला आणि मग धरला. होडी वळली. नाळ लाटेकडे. तेच पाणी, तोच वारा, पण आत यायचं बंद. कॅन कापून केलेल्या डब्याने कल्याणचा मुलगा पाणी उपसत होता, थांबला की ओकत होता, ओकून झालं की पुन्हा उपसत होता. त्याने एकदाही डबा खाली ठेवला नाही, हे मी त्याच्या आईला फोन करून सांगितलंय.

मशीन वर उचलली. पंख्याला सिमेंटची गोणी आणि साडीचा काठ, दोन्ही इतके घट्ट गुंडाळलेले की सुरीने दोऱ्या-दोऱ्याने कापावे लागले. साडी निळी होती, जरीची. पंधरा मिनिटं लागली असतील. कापत असताना माझ्या डोक्यात वरळीचे ते ६० मीटर होते. मशीन बंद पडल्यापासून नांगर धरेपर्यंत आम्ही आडवे कितीतरी सरकलो होतो, ६० मीटर सहज, आणि बाजूला खांब नव्हता एवढंच आमचं नशीब.

मशीन चालू झाली तरी काकाने लगेच आत येऊ दिलं नाही. "थांब. पानी मऊ होऊ दे." आम्ही नांगरावरून सुटून जरा बाहेर, खोल पाण्यात गेलो, तिथे लाट लांब आणि सोपी होती, आणि तिथे वाट बघत बसलो. घर समोर दिसतंय, किनाऱ्यावर बहीण उभी दिसतेय, आणि आत जायचं नाही. ओहोटीचा जोर संपेपर्यंत सूर्य बुडाला. भाच्याने विचारलं, दिवा कोणता लावायचा? मासेमारी करणाऱ्या होडीचा लाल वर आणि पांढरा खाली, ट्रॉलरचा हिरवा वर आणि पांढरा खाली, असा नियम आहे, परवान्याच्या फॉर्मबरोबर हे मी त्याला शिकवलं होतं. आमच्याकडे मोबाईलची टॉर्च होती. ती मी हातात धरून बसलो आणि दुसरी होडी जवळ दिसली की तिच्याकडे फिरवत राहिलो. साडेसातला पाणी खाली जाऊन थांबलं. दांड्याच्या बाजूने, जिथे काका टॉर्च हलवत होता तिथून, मशीन जवळजवळ बंद ठेवून आत आलो. शेवटचे पन्नास पावलं चिखलातून चालत.

बहिणीने भाच्याला मारलं. मग मला. मी ४६ वर्षांचा आहे. काका काहीच बोलला नाही, त्याने नांगराच्या दोरीचा कापलेला शेव हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि गळ्यात टाकून घरी निघून गेला.

नंतर आठवडाभर मी गच्चीवरून मिठीकडे बघायचो तेव्हा वेगळंच दिसायचं. आजवर मी ते पाणी चढतं-उतरतं एवढंच बघत होतो. ते सगळं एका तोंडातून बाहेर पडतं आणि त्या तोंडाशी आमच्यातलं कुणीतरी असतं, हे नव्हतो बघत. पावसात तर विचारायलाच नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा मी २५-२६ चा होतो. मुखावरून म्हशी, गॅस सिलिंडर, दरवाजे, एक अख्खं फ्रीज वाहत गेलेलं मी पाहिलंय. तशा पुरात भरतीलासुद्धा पाणी आत येत नाही, नदी समुद्राला ढकलत बाहेर जाते आणि पाऊणपट चुकते. जून-जुलैची बंदी मशीनच्या बोटींना आहे, वल्ह्याच्या होडीला नाही. गरिबाचं पोट चालावं म्हणून ती सूट आहे आणि ती असावी. पण नेमक्या त्याच दोन महिन्यांत आमच्या मुखावर पोरं ट्यूब आणि थर्माकोलच्या फळ्या घेऊन चिंबोऱ्यांना जातात. मशीन नाही म्हणजे कायद्यात बसतात. जॅकेट नाही, नांगर नाही, दोरीचा तर प्रश्नच नाही. त्यांना कुणी सांगायला गेलं की म्हणतात, आम्ही इथेच आहोत, काठाला. काठ कुठे असतो पण ओहोटीला? दोन वाजता असतो तिथून चारला अर्धा फर्लांग पुढे गेलेला असतो, आणि पोरगा त्याच्याबरोबर.

भाच्याचं बायोमेट्रिक कार्ड गेल्या महिन्यात आलं. फोटोत तो गुन्हेगारासारखा दिसतो. तिसरं जॅकेट घेतलं, चौथंही घेतलं, केशरी, शिट्टीवालं. गाठ मारून गादी करायची नाही म्हणून बहिणीने चारही जॅकेटांचे बंद वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवून ठेवलेत, आणि शिट्ट्या शेजारच्या पोरांनी पळवल्या आहेत.

परवा दुपारी मी एका लिफ्टचं ब्रेक लायनिंग बदलत होतो. भाच्याचा फोन.

"मामा, षष्ठी हाय. साडेचारला भरती. बरोबर ना?"

"बरोबर."

"म्हणजे आता ओहोटी संपून पाणी आत येतंय. वारापन आत. जाऊ?"

मी हात पुसले, बाहेर येऊन बघितलं. तिवरांची मुळं अजून उघडी होती, पण एक निळा ड्रम सावकाश पवईकडे निघाला होता.

"दोरी घेतलीस?"

"घेतो ना. काका तीस वाव सांगतो. दुकानात वीसचंच बंडल हाय."

"मग दोन बंडलं घे."

"पैसे?"

मी सांगितलं, आज नको जाऊ.